झॉडचा रिव्ह्यू: नल, अनडिफाइन्ड आणि रिकामं काहीही टाकून बघितलं तेव्हा

झॉड ही टाइपस्क्रिप्टची व्हॅलिडेशन लायब्ररी, म्हणजे आलेला डेटा ठरल्यासारखा आहे का ते तपासणारी. तिच्यावर रिव्ह्यू ढिगाने पडलेत आणि सगळे तेच सांगतात, स्कीमा (डेटा कसा असावा त्याचं वर्णन) एकदा लिहा, टाइप फुकटात मिळतो. खरंय ते. मी इथे फक्त एकच गोष्ट बघणारे, इनपुट रिकामं आलं की ही लायब्ररी काय करते. रिकामं म्हणजे नल (मुद्दाम "काही नाही" म्हणून दिलेली व्हॅल्यू), रिकामं म्हणजे अनडिफाइन्ड (व्हॅल्यू दिलीच नाही), रिकामं म्हणजे फील्डच नाही, आणि या सगळ्यात चिवट ती रिकामी स्ट्रिंग, एकही अक्षर नसलेला मजकूर. टाइपस्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये "कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड" न बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय, त्यामुळे व्हॅलिडेशन लायब्ररीची परीक्षा घ्यायची तर इथेच घ्यावी, ईमेलचा फॉरमॅट काय कोणीही तपासतं.

घाईवाल्यांसाठी निकाल आधीच सांगतो, पाचपैकी चार स्टार. नल वेगळा आणि अनडिफाइन्ड वेगळा हे झॉड इतकं कडक पाळतं की सुरुवातीला त्रास होतो आणि नंतर त्याचीच सवय लागते. एक स्टार कापलाय तो कोअर्स (व्हॅल्यू जबरदस्तीने हव्या त्या टाइपमध्ये बदलणं) आणि डिफॉल्ट (व्हॅल्यू नसेल तर ठरलेली घेणं) या दोघांसाठी, आणि खरं सांगायचं तर व्हर्जन ४ मध्ये डिफॉल्टचं जे झालंय त्यासाठी दीड कापायचा विचार होता.

आता "आमच्याकडे टाइपस्क्रिप्टचं कडक तपासणीचं स्ट्रिक्ट सेटिंग ऑन आहे, मग हे कशाला" हा प्रश्न येणारच. स्ट्रिक्ट नल चेक्स टाइपस्क्रिप्ट २.० मध्ये आलं, २०१६ ला. त्याआधी नल आणि अनडिफाइन्ड कुठल्याही टाइपमध्ये गुपचूप बसायचे, आता बसत नाहीत, भारी गोष्ट आहे, पण तिचा अंमल कंपाइल होईपर्यंतच. जावास्क्रिप्ट बाहेर पडली की टाइप पुसलेले असतात. जेसन (डेटा मजकूर म्हणून पाठवायचा फॉरमॅट) पार्स केलं की हातात एनी, म्हणजे "काहीही असेल" असा टाइप येतो, त्याला ॲज लावून "हा युजर आहे" म्हटलं की कंपायलर मान डोलावतो, नावापुढे उद्गारचिन्ह टाकलं तर तेवढंही विचारत नाही, आणि रनटाइमला या दोन्हींमधलं काहीच शिल्लक नसतं. म्हणजे बाहेरून जे येतं तिथे टाइप हा फक्त तुमचा अंदाज असतो, आणि तो अंदाज तपासायला कोणीतरी दारात उभं लागतं.

आणि दारात येणारा रिकामेपणा पण एकसारखा नसतो ना. यूआरएल सर्च पॅराम्सचं गेट न सापडल्यावर नल देतं, मॅपचं गेट अनडिफाइन्ड देतं, ॲरेचं फाइंड अनडिफाइन्ड, क्वेरी सिलेक्टर नल, लोकल स्टोरेज नल, सेट न केलेलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल अनडिफाइन्ड, डेटाबेसचा रिकामा कॉलम बहुतेक ड्रायव्हर्समधून नल. वर जेसनमध्ये अनडिफाइन्ड हा प्रकारच अस्तित्वात नाही, ऑब्जेक्टमध्ये असेल तर स्ट्रिंगिफाय करताना ते फील्डच गायब होतं, ॲरेमध्ये असेल तर त्याचा नल होतो, आणि नॅन (नंबर न जमल्याची खूण) असेल तर त्याचाही नलच. एका टोकाला तुम्ही एक चढवता, दुसऱ्या टोकाला भलतंच उतरतं. त्यामुळे "फ्रंटएंडवाले अनडिफाइन्ड पाठवतात" असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर त्याला शांतपणे विचारा, जेसनमधून कसं काय पाठवतात.

या पार्श्वभूमीवर झॉडची बेसिक वागणूक एकदम स्वच्छ आहे. साधं स्ट्रिंग लिहिलं तर नल पण फेल, अनडिफाइन्ड पण फेल. ऑप्शनल लावलं तर अनडिफाइन्ड चालतो आणि फील्ड नसलं तरी चालतं, नल मात्र चालत नाही. नलेबल लावलं तर नल चालतो पण फील्ड यायलाच पाहिजे, गायब असेल तर एरर. दोन्ही चालवायचं असेल तर नलिश. बस, एवढंच, आणि यात कुठे छुपा अपवाद नाही. ऑब्जेक्टच्या जागी नल दिला तरी झॉड नीट "ऑब्जेक्ट पाहिजे होता, नल आला" असं सांगतं, जे ऐकायला फालतू वाटेल, पण जावास्क्रिप्टमध्ये नलचा टाइपऑफ पहिल्यापासून "ऑब्जेक्ट" येतो आणि हाताने लिहिलेले कित्येक टाइप गार्ड्स तिथेच गंडतात. ॲरेमध्ये मधेच एखादा नल असेल तर कितव्या जागेवर आहे ते पाथमध्ये (एररच्या जागेच्या पत्त्यात) येतं. आतल्या आत नेस्टेड असेल तरी पूर्ण पाथ मिळतो, त्यामुळे "कुठला नल" हा शोध घ्यावा लागत नाही.

फक्त एक, रिकामी स्ट्रिंग झॉडच्या लेखी वैध स्ट्रिंग आहे. फॉर्ममधलं नाव रिकामं ठेवून सबमिट केलं तर एचटीएमएलकडून नल येत नाही, रिकामी स्ट्रिंग येते, आणि ती साध्या स्ट्रिंग स्कीमातून आरामात पार होते. मिन १ (किमान एक अक्षर) लावावंच लागतं, आणि स्पेसेस टाकून फसवणारे असतात म्हणून त्याआधी ट्रिम. याला मी दोष म्हणणार नाही कारण टाइपच्या हिशोबाने बरोबरच आहे, पण टेस्टच्या यादीत नल आणि अनडिफाइन्डच्या शेजारी रिकामी स्ट्रिंग नसेल तर ती यादी अर्धवट आहे.

टेस्ट लिहिणाऱ्याच्या बाजूने मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सेफपार्स. हे फंक्शन अननोन घेतं, म्हणजे काहीही घेतं. हे का महत्त्वाचं, तर तुम्ही साधं फंक्शन लिहिलं जे स्ट्रिंग घेतं आणि टेस्टमध्ये त्याला नल द्यायला गेलात की टाइपस्क्रिप्ट लगेच अडवतं, मग तुम्ही ॲज एनी लिहिता, मग टेस्ट फाइल भरून ॲज एनी दिसायला लागतात आणि उद्या फंक्शनची सिग्नेचर (ते काय घेतं, काय देतं) बदलली तरी त्या टेस्ट काहीच बोलत नाहीत. त्याऐवजी टीएस एक्सपेक्ट एरर ही कॉमेंट वापरता येते, ३.९ पासून आहे, तिचा फायदा असा की "इथे एरर आलीच पाहिजे" हे पण तपासलं जातं, उद्या कोणी टाइप सैल केला तर ती कॉमेंट स्वतःच एरर होते. पण सेफपार्सला यातलं काहीच लागत नाही, नल द्या, नॅन द्या, रिकामा ॲरे द्या, कंपायलर गप्प, आणि थ्रो पण करत नाही, सक्सेस खरं की खोटं एवढं बघायचं. टेस्ट डॉट ईच (एकच टेस्ट अनेक व्हॅल्यूंवर चालवणं) मध्ये सगळ्या रिकाम्या व्हॅल्यू एका टेबलात टाकल्या की स्कीमा मागे एक टेबल, वाचायला पण सोपं. टेबलातल्या प्रत्येक ओळीला नाव मात्र शब्दांत द्या, नाहीतर रिकामी स्ट्रिंग फेल झाली की टेस्टच्या नावात नुसती मोकळी जागा दिसते.

सेफपार्स थ्रो करत नाही याला एक पुरवणी आहे. रिफाइन (आपली स्वतःची तपासणी) किंवा ट्रान्सफॉर्म (व्हॅल्यू बदलून देणं) यांच्यात तुम्ही लिहिलेला कोड स्वतः फुटला तर ते एक्सेप्शन झॉड गिळत नाही, सरळ बाहेर येतं. नलेबलच्या पुढे ट्रान्सफॉर्म लावून आत उद्गारचिन्ह वापरणारे लोक असतात, त्यांच्यासाठी हे. आणि असिंक रिफाइन असेल तर साधं सेफपार्स चालत नाही, असिंकवालं वापरावं लागतं.

आता कोअर्स. क्वेरी पॅराम्स स्ट्रिंग म्हणून येतात, पेज नंबर हवा असतो, म्हणून सगळे डोळे झाकून कोअर्स डॉट नंबर लावतात. आत काय होतं तर जावास्क्रिप्टचं साधं नंबर फंक्शन फिरवलं जातं, बस. त्यामुळे नल दिला की शून्य. रिकामी स्ट्रिंग दिली की शून्य. रिकामा ॲरे दिला तरी शून्य. अनडिफाइन्ड दिला तर मात्र नॅन होतो आणि एरर येते. म्हणजे ज्या लायब्ररीची ओळखच नल आणि अनडिफाइन्ड यांना कडक तपासण्याची आहे तिच्यात हा एक शब्द लावला की एक रिकामेपणा एरर देतो आणि दुसरा गुपचूप शून्य बनून आत जातो. रकमेच्या फील्डला हे लावून बघा, रक्कम न भरता शून्याचा व्यवहार व्हॅलिड! आणि सर्च पॅराम्सचं गेट नेमकं नलच देतं हे वर सांगितलंच.

बाकीचे कोअर्स पण त्याच माळेतले. कोअर्स डॉट स्ट्रिंगला नल दिला की "नल" अशी इंग्रजी चार अक्षरांची स्ट्रिंग मिळते, अनडिफाइन्ड दिला की त्याचीही अक्षरं, आणि मग मिन १ वगैरे सगळं मजेत पास होतं, ग्राहकाच्या नावाच्या जागी नल छापलेलं बिल बघितलं असेल तर ते असंच कुठूनतरी येतं. कोअर्स डॉट डेटला नल दिला की १ जानेवारी १९७०, यूटीसी. जन्मतारीख न भरणारे सगळे एकाच दिवशी जन्मलेले. कोअर्स डॉट बूलियनला नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही फॉल्स, आणि "फॉल्स" ही स्ट्रिंग दिली तर ट्रू, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रूच असते. या शेवटच्यावर व्हर्जन ४ ने स्ट्रिंगबूल आणलं, ते चांगलं केलं.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे, पण तो माहीत असावा लागतो. कोअर्सच्या बाहेरून नलेबल लावलं की ते आधी बघतं आणि नल तसाच्या तसा नल म्हणून बाहेर येतो, शून्य होत नाही. नाहीतर कोअर्स सोडून द्या, स्ट्रिंगवर मिन १ किंवा रेजेक्स लावून मग पाइप करून नंबर करा, दोन शब्द जास्त लिहायचे पण काय आत गेलं ते कळतं. माझं मत विचाराल तर कोअर्स हे नाव फार साधं आहे, इतक्या धोक्याच्या गोष्टीला जरा लांबलचक, लिहायला कंटाळा येईल असं नाव पाहिजे होतं.

डिफॉल्टकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. पहिली गोष्ट, डिफॉल्ट फक्त अनडिफाइन्डला लागतो, नलला नाही. नल आला तर एरर. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या पॅरामीटरचा डिफॉल्ट पण असाच वागतो, डिस्ट्रक्चरिंगचा पण, त्यामुळे हे सुसंगत आहे, पण दोन प्रश्नचिन्हांवालं ऑपरेटर नल आणि अनडिफाइन्ड दोघांनाही धरतं आणि लोकांच्या बोटांना त्याची सवय असते, मग ते गृहीत धरतात की डिफॉल्ट पण तसाच असणार. नलला पण डिफॉल्ट हवा असेल तर नलिश लावून ट्रान्सफॉर्ममध्ये दोन प्रश्नचिन्हं लिहायची. कॅच नावाचं एक आहे, ते कुठल्याही एररवर ठरलेली व्हॅल्यू देतं, ते यासाठी वापरू नका, नलसोबत खरा कचरा पण गिळतं ते.

दुसरी गोष्ट व्हर्जन ४ ची. झॉड २०२० पासून आहे, कॉलिन मॅकडॉनेल यांचं काम, व्हर्जन ३ बरीच वर्षं चाललं आणि ४ आलं २०२५ ला. या बदलात डिफॉल्टच्या दोन सवयी बदलल्या. एक म्हणजे आता डिफॉल्ट व्हॅल्यू पार्स होत नाही, थेट आउटपुट म्हणून बाहेर येते, म्हणजे तुम्ही पुढे ट्रान्सफॉर्म लावून मागे डिफॉल्ट लावला असेल तर डिफॉल्ट हा आउटपुटच्या टाइपचा द्यावा लागतो. जुनी वागणूक हवी असेल तर प्रीफॉल्ट नावाचं नवीन मेथड आहे. हे ठीक, टाइपस्क्रिप्ट बऱ्याच वेळा पकडून देतं, पण इनपुट आणि आउटपुट दोन्ही स्ट्रिंगच असतील, समजा ट्रिम किंवा लोअरकेस, तर कोणी पकडत नाही.

दुसरी सवय मात्र जास्त खोल जाते. व्हर्जन ३ मध्ये एखाद्या फील्डला डिफॉल्ट लावून बाहेरून ऑप्शनल लावलं आणि फील्ड आलंच नाही, तर आउटपुटमध्ये पण ते फील्ड नसायचं. व्हर्जन ४ मध्ये डिफॉल्ट लागतो. वरवर बघता काय बिघडलं, उलट बरंच झालं असं वाटतं. पण पार्शियल काय करतं आठवा, ते स्कीमातल्या प्रत्येक फील्डला बाहेरून ऑप्शनलच लावतं. आणि पार्शियल लोक कुठे वापरतात, तर पॅच रिक्वेस्टला, म्हणजे रेकॉर्डमधली मोजकीच फील्ड्स बदलायची असतात तेव्हा. नवीन रेकॉर्डच्या स्कीमात "स्टेटस, डिफॉल्ट ड्राफ्ट" लिहिलंय, त्याच स्कीमाचं पार्शियल करून अपडेटला वापरलंय, युजरने फक्त शीर्षक बदललं, बॉडीत फक्त शीर्षक आलं, व्हॅलिडेशनमधून बाहेर पडताना त्याच्यासोबत स्टेटस ड्राफ्ट पण बाहेर पडलं आणि छापून झालेला लेख परत ड्राफ्टमध्ये. एरर नाही, वॉर्निंग नाही, टाइप पण बरोबर. मायग्रेशन गाइडमध्ये डिफॉल्ट आणि ऑप्शनलचा बदल लिहिलेला आहे, लपवलेला नाही, पण तो वाचून आपल्या पार्शियलचा विचार डोक्यात यायला माणूस बराच जागा असावा लागतो.

पॅचमध्ये हे इतकं नाजूक का, तर तिथे फील्ड नसणं आणि फील्ड नल असणं यांचे अर्थच वेगळे आहेत. आरएफसी ७३९६ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज), जेसन मर्ज पॅच, २०१४ चं, त्यात स्पष्ट आहे, नल म्हणजे ते फील्ड काढून टाका, फील्ड नाही म्हणजे हात लावू नका. फोन नंबर नल पाठवला तर नंबर पुसायचा, पाठवलाच नाही तर आहे तो ठेवायचा. इथे कोणी आळसाने सगळीकडे नलिश लावून पुढे दोन प्रश्नचिन्हांनी जुनी व्हॅल्यू घेतली की युजरला फोन नंबर कधीच पुसता येणार नाही, सेव्ह दाबलं, हिरवी टिक आली, नंबर तसाच. उलट बाजूला काही लायब्ऱ्यांमध्ये अनडिफाइन्डचा अर्थ फारच भयंकर असतो, प्रिझ्मा या डेटाबेस लायब्ररीत व्हेअरच्या (कुठल्या ओळी निवडायच्या त्या अटींच्या) आत फील्डला अनडिफाइन्ड दिलं तर ती अटच नाही असं धरलं जातं, म्हणजे डिलीट मेनीला आयडी अनडिफाइन्ड गेला तर अख्खं टेबल साफ. हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आहे आणि त्यावर कडक चेकचा पर्याय पण त्यांनी दिलाय, पण मुद्दा तोच, नल की अनडिफाइन्ड हा शास्त्रार्थ नाही, डेटा राहणार की जाणार याचा प्रश्न आहे.

म्हणून माझी पद्धत अशी, मूळ स्कीमात एकही डिफॉल्ट नाही. नवीन रेकॉर्डचा स्कीमा मूळ स्कीमाला एक्स्टेंड करून त्यात डिफॉल्ट टाकतो, अपडेटचा स्कीमा मूळ स्कीमाचं पार्शियल. आणि अपडेटच्या प्रत्येक स्कीमाला एक टेस्ट ठरलेली, रिकामा ऑब्जेक्ट दिला तर रिकामाच ऑब्जेक्ट परत आला पाहिजे. लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि वर सांगितलेला अख्खा झोल तिथल्या तिथे लाल होतो. ३ वरून ४ वर जाणाऱ्यांनी ही टेस्ट जाण्याआधी लिहा, गेल्यावर नाही.

आता टेस्टच्या हत्यारांबद्दल पण बोलतो कारण झॉड कितीही कडक असलं तरी तपासणारा सैल असेल तर उपयोग काय. व्हायटेस्ट आणि जेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या दोन्ही टूल्समध्ये टू इक्वल हे अनडिफाइन्ड असलेली फील्ड्स सोडून देतं. नाव अनडिफाइन्ड असलेला ऑब्जेक्ट आणि नावच नसलेला ऑब्जेक्ट त्याला सारखेच. इथे ते चालत नाही, कारण ऑप्शनल फील्डमध्ये उघडउघड अनडिफाइन्ड दिला तर झॉड ते फील्ड आउटपुटमध्ये ठेवतं, आणि पुढे कोणी जुन्या ऑब्जेक्टवर ते स्प्रेड केलं की जुनी व्हॅल्यू अनडिफाइन्डने झाकली जाते. टू स्ट्रिक्ट इक्वल वापरायचं, ते हा फरक पकडतं. दुसरं, टू बी डिफाइन्ड. नाव वाचून वाटतं की काहीतरी व्हॅल्यू आहे हे तपासतंय, पण ते फक्त अनडिफाइन्ड नाही एवढंच बघतं, नल दिला की पास. आणि टू बी फॉल्सी तर व्हॅलिडेशनच्या टेस्टमध्ये दिसलं की मी रिव्ह्यूमध्ये सरळ बदलायला सांगतो, नल, अनडिफाइन्ड, शून्य, रिकामी स्ट्रिंग, नॅन सगळे त्यात बसतात, जे वेगळे करायला निघालो तेच एका गोणीत.

व्हायटेस्टचं अजून एक, ते टाइप तपासत नाही, टाइप काढून टाकतं आणि कोड चालवतं, म्हणून इतकं फास्ट आहे. त्यामुळे वर म्हटलेली टीएस एक्सपेक्ट एरर कॉमेंट नुसत्या टेस्ट रनमध्ये काही कामाची नाही, टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, वेगळा चालवावा लागतो आणि त्यात टेस्टच्या फाइल्स धरलेल्या असाव्या लागतात. कितीतरी कॉन्फिगमध्ये त्या एक्सक्लूड केलेल्या असतात, एकदा बघून घ्या. एन्व्हायर्नमेंटच्या स्कीमाची टेस्ट लिहिताना पण एक गंमत, नोडमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला अनडिफाइन्ड असाइन केलं की ते गायब होत नाही, "अनडिफाइन्ड" अशी स्ट्रिंग बनून बसतं आणि तुमची "व्हेरिएबल नसेल तर एरर" वाली टेस्ट फेल होते आणि तुम्ही झॉडला शिव्या घालता. डिलीट करायचं असतं.

फास्ट चेक, म्हणजे टेस्टसाठी रँडम इनपुट बनवणारी लायब्ररी, जोडीला घेतली तर मजा अजून वाढते. त्यात ऑप्शन नावाचं आहे जे मधेमधे रिकामी व्हॅल्यू देतं, पण ती डिफॉल्टने नल असते, अनडिफाइन्ड हवा असेल तर सांगावं लागतं, आणि फील्ड गायब करायचं असेल तर ते तिसरंच, रेकॉर्डमध्ये कुठली फील्ड्स लागतातच ते सांगायचं, बाकीची तो कधी देतो कधी नाही. तिन्ही वेगवेगळे लिहा. फेल झालं की लहानात लहान उदाहरण शोधून देतो. स्ट्रायकर (कोड मुद्दाम बिघडवून टेस्ट ते पकडतात का बघणारं टूल) पण चालवून बघण्यासारखं आहे, ते तुमच्या कोडमधलं प्रश्नचिन्ह टिंब काढून नुसतं टिंब ठेवतं, दोन प्रश्नचिन्हांचं अँड करतं, आणि तरीही टेस्ट हिरव्या राहिल्या तर समजायचं की त्या नलच्या वाटेवर कोणी गेलंच नव्हतं. हळू आहे पण, रोज चालवायची चीज नाही.

एरर मेसेजबद्दल थोडक्यात. व्हर्जन ३ मध्ये अनडिफाइन्डला नुसतं "रिक्वायर्ड" यायचं आणि नलला "एक्स्पेक्टेड स्ट्रिंग, रिसीव्ह्ड नल". ४ मध्ये दोघांना एकाच साच्यातला मेसेज, शेवटचा शब्द फक्त वेगळा. रिक्वायर्ड एरर आणि इनव्हॅलिड टाइप एरर हे दोन पर्याय गेले, त्याजागी एक एरर फंक्शन, त्यात इनपुट अनडिफाइन्ड आहे का ते आपण बघायचं आणि मेसेज द्यायचा. मला हे जास्त आवडलं खरं तर, "भरलं नाही" आणि "चुकीचं भरलं" हे कुठे तोडायचं ते आपल्या हातात येतं. पण ज्यांच्या टेस्टमध्ये मेसेजची अक्षरं जशीच्या तशी तपासलीयेत त्यांच्या सगळ्या टेस्ट लाल होणार, त्यांनी एररचा कोड आणि पाथ तपासायला शिकावं.

फॉर्मवाल्यांना अजून एक टोचेल. पासवर्ड आणि कन्फर्म पासवर्ड जुळतात का असा रिफाइन ऑब्जेक्टवर लावला आणि तिसरंच कुठलंतरी फील्ड, समजा वय, अनडिफाइन्ड आलं, तर तो रिफाइन चालतच नाही, आधी आकार बरोबर करा मग बोलू असा त्याचा खाक्या. युजरला आधी वयाची एरर दिसते, ती दुरुस्त केली की मग पासवर्डची. व्हर्जन ४ मध्ये रिफाइन कधी चालवायचा ते सांगायला व्हेन नावाची सोय आहे, पण मग आत येणारी व्हॅल्यू अर्धवट असू शकते हे लक्षात ठेवून कोड लिहा.

दुसऱ्यांशी तुलना करायची तर यप आणि जॉय या व्हॅलिडेशन लायब्ऱ्यांचा पिंड उलटा, तिथे स्ट्रिंग लिहिलं तरी अनडिफाइन्ड चालतो, नको असेल तर रिक्वायर्ड लिहायचं. जॉयला रिकामी स्ट्रिंग मुळातच चालत नाही, यपमध्ये रिक्वायर्ड लावलं की चालत नाही, फॉर्मसाठी हे सोयीचं आहे नाकारत नाही. पण विसरलं तर काय होतं ते बघा, झॉडमध्ये ऑप्शनल लिहायचं विसरलं तर पहिल्याच टेस्टला बोंबाबोंब होते, यपमध्ये रिक्वायर्ड लिहायचं विसरलं तर सगळं शांत. मला बोंबाबोंब परवडते. व्हॅलिबॉट झॉडच्याच वळणाचं, बंडल लहान राहावं म्हणून फंक्शनं सुटी सुटी आयात करायची, आणि एक गोष्ट त्यांनी झॉडपेक्षा चांगली केलीये, ऑप्शनल, नलेबल आणि नलिश प्रत्येकाला आपापला डिफॉल्ट देता येतो, म्हणजे नल आला तर ही व्हॅल्यू असं थेट लिहिता येतं, ट्रान्सफॉर्मची कसरत नको. हे झॉडमध्ये असतं तर वरचा अर्धा परिच्छेद मला लिहावाच लागला नसता.

आणि लायब्ररी नकोच असेल, दोनच फील्ड्स आहेत, तर हाताने लिहा की. डबल इक्वलने नलशी तुलना केली की नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही पकडले जातात आणि शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग सुटतात, डबल इक्वलचा मला मान्य असलेला हा एकमेव वापर, ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलच्या डबल इक्वलवरच्या नियमात पण यासाठी सूट देण्याची सोय आहे. नुसतं उद्गारचिन्ह लावून इफ लिहू नका, शून्य प्रमाण भरलेला माणूस त्यात "प्रमाण भरलं नाही" ठरतो.

घ्यायचं ठरवलं तर फुकट आहे, एमआयटी लायसन्स, दुसरी कुठली डिपेंडन्सी ओढत नाही. टीएसकॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंग फाइलमध्ये) स्ट्रिक्ट ऑन पाहिजेच, ते नसेल तर इन्फर केलेल्या टाइपमध्ये सगळी फील्ड्स ऑप्शनल दिसायला लागतात आणि मग लायब्ररीचा अर्धा फायदा गेला. ज्यांनी एक्झॅक्ट ऑप्शनल प्रॉपर्टी टाइप्स पण ऑन केलंय, ४.४ पासूनचा तो पर्याय, त्यांना थोडं घासावं लागेल, कारण झॉडच्या ऑप्शनलमधून निघणाऱ्या टाइपमध्ये प्रश्नचिन्हासोबत अनडिफाइन्ड पण येतो, आणि तुमच्या हाताने लिहिलेल्या टाइपमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह असेल तर कंपायलर दोघांना जुळू देत नाही. तिथे झॉड जे म्हणतंय ते खरं आहे, उघडउघड अनडिफाइन्ड ते खरंच आत घेतं, त्यामुळे कंपायलरला गप्प करायला ॲज लावू नका, आपला टाइप बदला किंवा पार्स झाल्यावर अनडिफाइन्डवाली फील्ड्स काढून टाका.